जीएसएक्स-आर ६०० वर दिवसभर बसायचं असेल तर आधी सीट, हँडल नंतर

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांचंही काम होईल. स्पोर्ट बाईक आरामशीर करायची म्हटलं की जो तो हँडल वर घ्यायला सांगतो. मी हँडल वर घेतलं, सीट बदलून घेतली, टाकीला पॅड लावले, पुढची वारा अडवणारी काच बदलली, सस्पेन्शन माझ्या वजनाला जुळवून घेतलं. या सगळ्यात मनगटांना सर्वांत जास्त आराम दिला तो सीटने. त्याखालोखाल टाकीच्या पॅडनी. हँडलचा नंबर तिसरा लागतो. काचेने मनगटांसाठी काही केलं नाही, उलट थोडा भार वाढवला. तो कसा, ते पुढे येईलच.

गाडी सुझुकी जीएसएक्स-आर ६००, २०११ साली जी नवी रचना आली त्यातली. ५९९ सीसी, चार सिलिंडर, सीटची उंची ८१० मिमी. मी पाच फूट चार इंच, वजन ५८ किलो, वय चाळिशीच्या पुढे. व्यवसायाने दंतवैद्य आहे. आमच्या धंद्यात मान-पाठ आधीच वाकलेली असते, आणि बोटांत मुंग्या घेऊन पेशंटच्या तोंडात ड्रिल धरता येत नाही. त्यामुळे माझ्यासाठी ही हौसेमौजेची बाब नाही. गाडी आरामात चालवता आली तरच ती ठेवता येणार होती. टूरर घे, ॲडव्हेंचर घे, असं सांगणारे भरपूर भेटले. पण वळणात ही गाडी ज्या सहजतेने खाली झुकते आणि इंजिन मध्यम वेगाने फिरत असताना ज्या सुरात ओढते, ते मला दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळालेलं नाही. म्हणून गाडी तीच ठेवायची आणि बसणं सुधारायचं असं ठरवलं.

काहीही विकत घेण्याआधी एक गोष्ट बघा: कुठली बोटं बधिर होतात? करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर अल्नार नर्व्हवर दाब येतोय. ती तळहाताच्या टाचेपाशी, करंगळीच्या बाजूने जाते. म्हणजे तुम्ही शरीराचं वजन तळहाताच्या बाहेरच्या कडेवर टेकवून बसला आहात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मीडियन नर्व्ह, आणि तिथे बहुतेक वेळा मनगट मागे वाकलेलं असतं, म्हणजे लिव्हरचा कोन चुकलाय. आणि पाचही बोटांत सारखीच झिणझिण असेल, गाडीवरून उतरल्यावर थोड्याच वेळात जात असेल, तर इंजिनच्या व्हायब्रेशनकडे बघा. तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत आणि बाजारात तिन्हींना एकच जाड ग्रिप विकली जाते. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला किंवा रात्री झोपेतून उठवायला लागला तर मात्र गाडीचं सामान शोधत बसू नका, डॉक्टरकडे जाऊन नसेची तपासणी करून घ्या. माझा प्रकार पहिला होता, करंगळी-अनामिकेचा.

आता सीट. स्पोर्ट बाईकची सीट बाजूने नीट बघा. ती टाकीकडे उतरती असते. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप लावून फोन सीटवर ठेवला की उतार आकड्यातच दिसतो. या उतारावर गुळगुळीत रेक्झिन, त्यावर आपण. प्रत्येक ब्रेकला बूड थोडं पुढे सरकतं आणि टाकीला टेकतं. मग आपण नकळत हातांनी स्वतःला मागे ढकलून धरतो. कोपरं ताठ होतात, खांदे कानाकडे चढतात आणि सगळा भार तळहाताच्या टाचेवर येतो. लोकांना वाटतं हँडल खाली आहे म्हणून हात दुखतात. हँडल खाली आहेच, पण पुढे घसरणं थांबलं तर त्याच हँडलवर निम्मा त्रासही उरत नाही.

सीट कापायला देण्याआधी मी घरीच चाचणी घेतली आणि ती प्रत्येकाने घ्यावी असं मनापासून वाटतं. जुन्या योगा मॅटचे तुकडे कापले, पुढच्या बाजूला जाड आणि मागे पातळ होत जातील असे एकावर एक ठेवले, टेपने सीटवर पक्के केले आणि वर कपाटाच्या खणात घालतात ती न सरकणारी जाळी अंथरली. दिसायला भयंकर. पण एक थर कमी, एक थर जास्त असं करत करत पुढची बाजू नेमकी किती उचलली म्हणजे बूड जागेवर राहतं ते कळलं. मग तो अख्खा थर तसाच्या तसा सीटचं काम करणाऱ्या काकांसमोर ठेवला. त्यांना कोन, मिलिमीटर असलं काही सांगावं लागलं नाही.

काकांनी कव्हरच्या स्टेपल काढल्या, मूळच्या फोमवर पुढच्या बाजूला घट्ट फोमची पाचर चिकटवली आणि ग्राइंडरने घासून सपाट केली. इथे माझ्यासारख्या कमी उंचीच्या माणसाची अडचण येते. पुढची बाजू उचलली की पाय जमिनीला टेकायला त्रास होतो, कारण सिग्नलला आपण नेमके पुढे सरकूनच पाय टाकतो. त्यावर त्यांनीच तोड काढली. उंची कमी न करता पुढच्या दोन्ही कडा, जिथे मांड्यांची आतली बाजू येते, तिथला फोम तिरका छाटला. पाय फाकून बाजूला जायच्याऐवजी सरळ खाली उतरतो, त्यामुळे उंची वाढूनही माझे चवडे आधीसारखेच टेकतात. सीटची उंची म्हणून जो आकडा छापलेला असतो त्यात रुंदी धरलेली नसते, आणि बुटक्या माणसाला रुंदीच जास्त नडते.

फोम मऊ नको, हे मला त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही, पण वाचणाऱ्यांना सांगते. दुकानात हात दाबून बघितलं की मऊ फोम छान वाटतो. तासाभराने तो पूर्ण दबतो आणि बैठकीची हाडं खालच्या प्लॅस्टिकच्या बेसवर टेकतात. अंगठ्याने जोरात दाबल्यावर खालचा बेस बोटाला लागत असेल तर तो फोम लांबच्या प्रवासाचा नाही. मेमरी फोम वरच्या पातळ थरापुरता ठीक. सगळीच सीट त्याची केली तर थंडीत दगड होते आणि उन्हात लिबलिबीत. जेलची गादी मी वापरून बघितली, पण उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीवर ती इतकी तापते की बसवत नाही, आणि तापलेलं जेल लवकर निवतही नाही. कव्हरसाठी थोडं खरखरीत, दाणेदार रेक्झिन घ्या आणि शिवण बैठकीच्या हाडांखाली येणार नाही अशी काढून घ्या. शिवणीतून पाणी आत जातंच, म्हणून फोम आणि कव्हरच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ कागद घालायला सांगा. नाहीतर पावसानंतर दोन दिवस ओल्या सीटवर बसावं लागतं.

या सीटला माझ्याकडून पूर्ण गुण. ब्रेक लावल्यावर जागेवर राहणं काय असतं ते मला पहिल्यांदा कळलं.

टाकीचे पॅड म्हणजे टाकीच्या दोन्ही बाजूंना चिकटवायचे रबरी तुकडे, गुडघ्यांना पकड मिळावी म्हणून. यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात टोकदार उंचवटे असतात, दुसऱ्यात मऊ, खवल्यांसारखा पोत असतो. उंचवट्यांचे पॅड ट्रॅकवर चामड्याच्या सूटला उत्तम धरतात, पण रोजच्या जीन्सची आणि रायडिंग पँटची आतली बाजू ते घासून काढतात. मऊ पोताचे रोजच्यासाठी बरे, आणि माझ्या वजनाला तेवढी पकड पुरते. आधी उंचवट्यांचे लावले होते ते काढले.

लावण्याची जागा चुकवू नका. पाकिटावरचं चित्र बघून लोक पॅड लावतात आणि गुडघा भलतीकडेच टेकतो. रायडिंग पँट घालून गुडघ्याच्या आतल्या बाजूला खडू फासा, गाडीवर बसा, पाय पेगवर, म्हणजे पाय टेकवायच्या दांड्यांवर, ठेवा आणि ब्रेक लावताना टाकी जशी आवळाल तशी आवळा. टाकीवर खडूचा ठसा उमटतो. पॅड तिथेच. माझा ठसा चित्रातल्या जागेपेक्षा बराच खाली आणि मागे आला. मग टाकी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, पॅड हेअर ड्रायरने किंचित गरम करायचा, मधून कडेकडे दाबत लावायचा आणि एक अख्खा दिवस गाडीला हात लावायचा नाही. कडा उचलल्या जाण्याच्या निम्म्या तक्रारी त्या एका दिवसाची घाई केल्याने येतात.

पॅड लावून मात्र मांड्यांनी काम करायला शिकावं लागतं. ब्रेक लावायच्या आधी टाकी आवळायची, नंतर नाही. हे अंगवळणी पडलं की हात हँडलवर नुसते ठेवलेले राहतात. तपासायचं असेल तर सरळ मोकळ्या रस्त्यावर, ठरावीक वेगाला असताना कोपरं पंखांसारखी वरखाली हलवून बघा. कोपरं सुटी हलली आणि गाडी सरळच राहिली तर वजन हातांवर नाही. सुरुवातीला पोट आणि मांड्या दुखतील. त्यासाठी मी प्लँक करायला लागले आणि त्याचा उपयोग क्लिनिकमध्येही होतो.

फूटपेगबद्दल थोडक्यात. या गाडीत सुझुकीने पेगना तीन जागा दिल्या आहेत, साधारण १४ मिमीच्या फरकात वर-खाली, पुढे-मागे. अनेक मालकांना हे माहीतच नसतं आणि ते बाहेरून पेग खाली करणाऱ्या पट्ट्या मागवतात. आधी कंपनीची खालची जागा वापरून बघा. गुडघ्याचा कोन थोडा उघडतो. बदलल्यावर गियरच्या लिव्हरची उंची पुन्हा जुळवावी लागते, ती विसरू नका. त्याहून खाली गेलात तर वळणात पेग जमिनीला घासेल, आणि त्यासाठी ही गाडी घेतलेली नसते.

लिव्हरला एक पैसाही लागला नाही आणि त्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त आळस होतो. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हर कारखान्यातून येतात त्या बहुतेक वेळा वर असतात. गाडी स्टँडवर नीट उभी करून वर बसा, डोळे मिटा, हात हँडलवर ठेवा आणि बोटं सरळ पुढे करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक रेघ आली पाहिजे आणि लिव्हर त्या रेघेत, बोटांच्या किंचित खाली. लिव्हरपर्यंत पोचायला मनगट मागे मोडावं लागत असेल तर बोल्ट सैल करून लिव्हर खाली फिरवा. स्पोर्ट बाईकवर फिरवायला जागा कमी असते, म्हणून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून लिव्हर किंवा ब्रेक ऑइलची डबी फेअरिंगला, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाला, लागत नाही ना ते पाहा. माझी बोटं आखूड, त्यामुळे ब्रेकच्या लिव्हरचं अंतर चकती फिरवून जवळ आणलं आणि क्लचला अंतर बदलता येणारी लिव्हर बसवली. तर्जनी-मधल्या बोटातली जी थोडीफार झिणझिण होती ती इथेच संपली.

आता हँडल, म्हणजे क्लिप-ऑन: फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) दोन नळ्यांवर वेगवेगळे आवळलेले हँडलचे दोन तुकडे. सीट सपाट झाल्यावर मी आधीपेक्षा मागे बसायला लागले, आणि माझे हात आखूड. वजन हातांवर नव्हतं पण पोच लांब झाली होती. त्यामुळे मला उंचीपेक्षा हँडल माझ्याकडे येणं जास्त गरजेचं होतं. क्लिप-ऑन निवडताना सगळे जण फक्त किती मिलिमीटर वर येतो ते विचारतात. किती मागे येतो आणि टोकं किती खाली झुकतात, तेही विचारा. मी घेतलेले २५ मिमी वर येतात आणि थोडे मागेही, आणि ग्रिपचा कोन मूळच्यापेक्षा कमी उतरता आहे. हा कोन बदलल्याने तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवरचा दाब गेला, आणि माझी मूळ तक्रार तीच होती.

मागवण्याआधी फोर्कची जाडी मोजा, आणि स्वतः मोजा. या गाडीचा फोर्क शोवा कंपनीचा, उलटा (जाड नळी वर, बारीक खाली), आणि माहितीपत्रकात ४१ मिमी लिहिलेलं असतं. तो आकडा खालच्या चकचकीत नळीचा आहे. क्लिप-ऑन आवळला जातो वरच्या जाड नळीवर. ४१ चा आकडा बघून मागवलेला क्लॅम्प या गाडीला बसणारच नाही. व्हर्नियर कॅलिपर लावा, जिथे क्लॅम्प येणार तिथेच लावा. माझा पहिला जोड मी विकणाऱ्याला परत केला. कंपनीचं नाव लिहीत नाही. मापाला बरोबर होता, पण बोल्ट आवळल्यावर क्लॅम्पची फट एका टोकाला पूर्ण मिटत होती आणि दुसऱ्या टोकाला उघडी राहत होती. म्हणजे आतलं भोक नीट गोल नव्हतं, आणि तो नळीला दोनच ठिकाणी धरत होता. हँडल ही अशी वस्तू आहे की तिच्यावर ब्रेक लावताना आपलं सगळं शरीर टेकतं. तिथे फट समान दिसत नसेल तर तडजोड नको.

बसवल्यावर एक चाचणी कुठल्याही परिस्थितीत करायची. इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू ठेवा, ॲक्सिलरेटरला हात न लावता हँडल सावकाश एका टोकापर्यंत वळवा, मग दुसऱ्या टोकापर्यंत. इंजिनचा आवाज जरासुद्धा चढला तर केबल ताणली जातेय. रस्त्यावर वळताना गाडी आपोआप रेस घेईल. तशीच ब्रेकची नळी बघा: टोकाला वळवल्यावर ती ताठ दिसता कामा नये आणि कशात अडकता कामा नये. क्लचच्या केबलचा मोकळा खेळही पुन्हा तपासा. पंचवीस मिमीपर्यंत मूळच्या केबल माझ्या गाडीत पुरल्या, पण तुमच्या गाडीत पुरतील असं गृहीत धरू नका. तिसरी गोष्ट अंगठ्याची. हँडल पूर्ण वळवल्यावर अंगठा टाकी आणि ग्रिपच्या मध्ये चेंगरत नाही ना? फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून वर सरकवून क्लिप-ऑनसाठी जागा करण्याचा सल्ला काही जण देतात. तसं करू नका. त्याने गाडीची पुढची उंची बदलते आणि स्टिअरिंगचा कोनही, पाच मिमीचा फरकसुद्धा हाताला कळतो. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, मॅन्युअलमधल्या किंवा क्लिप-ऑनसोबत आलेल्या आकड्याला, आणि पहिल्या लांब राइडनंतर पुन्हा तपासा.

हँडलवर खूश आहे. पण सीट आणि पॅडच्या आधी हेच केलं असतं तर वर घेतलेल्या हँडलवरही मी घसरून टेकलेच असते. सरळ चपट्या हँडलचं रूपांतर करणारे किटही मिळतात, वरच्या क्लॅम्पसकट. त्याने गाडी खूप बदलते, केबल आणि नळ्या सगळ्या लांब घ्याव्या लागतात, फेअरिंगशी झगडा होतो. इतका बदल हवा असेल तर मुळातच दुसऱ्या प्रकारची गाडी बघावी हे माझं मत.

व्हायब्रेशनबद्दल एक परिच्छेद. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात उरणारं मुख्य कंपन क्रँकच्या दुप्पट गतीचं असतं. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००, आणि कंपन २०० हर्ट्झचं. बारीक, तीक्ष्ण, बोटांच्या टोकांना मुंग्या आणणारं. हँडलच्या टोकाला जड बार-एंड, म्हणजे टोकाची वजनं, लावली की हँडलची स्वतःची थरथरण्याची गती खाली येते आणि नेमक्या प्रवासाच्या वेगाला होणारी झिणझिण दुसरीकडे सरकते. दिसायला छान म्हणून मूळचे जड बार-एंड काढून हलके ॲल्युमिनियमचे लावणारे मग हात बधिर होतात म्हणून विचारत असतात. फोमची जाड ग्रिप कव्हरं मोठ्या हातांना चालत असतील. लहान हाताला ग्रिप जाड झाली की मूठ जास्त आवळावी लागते आणि पोटऱ्यांसारखे हातही भरून येतात. ॲक्सिलरेटरवर बसवायची तळहाताची पट्टी सरळ मोकळ्या रस्त्यावर सुखाची आहे, पण हळू गर्दीत हात चुकून तिच्यावर पडला तर गाडी पुढे उडी मारते. मी काढून टाकली.

काचेबद्दल लोकांचा गैरसमज मोठा आहे. उंच, दुहेरी फुगवट्याची काच लावली की आराम वाढणार असं सगळे धरून चालतात. पण स्पोर्ट बाईकवर पुढे झुकलेल्या माणसाच्या छातीला वारा आधार देत असतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून शहरात दुखणारी मनगटं मोठ्या रस्त्यावर हलकी वाटतात. काच उंच केली की छातीवरचा तो आधार गेला आणि वजन पुन्हा हातांवर आलं. मला हे पहिल्याच लांब प्रवासात जाणवलं. मान आणि डोकं यांचा हिशेब वेगळा. मूळच्या काचेवरून उडालेली खळबळीची हवा नेमकी हेल्मेटवर आदळत असेल तर डोकं थरथरतं, नजर अंधूक होते, मान आखडते. काच घेण्याआधी ठरावीक वेगाला पेगवर थोडं उभं राहून बघा, मग टाकीवर वाकून बघा. वर उठल्यावर थरथर थांबली तर तुम्हाला उंच काच नकोय, उलट आहे ती थोडी आखूड चालेल. वाकल्यावर थांबली तर उंच काचेचा उपयोग होईल. माझ्या उंचीला दुहेरी फुगवट्याच्या काचेने मानेला फरक पडला, म्हणून ठेवली आहे. वाऱ्याचा गेलेला आधार पोटाच्या स्नायूंनी भरून काढते. पुसताना पेट्रोल किंवा काच पुसायचं अमोनियाचं द्रावण कधी लावू नका, कडांना बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे.

सस्पेन्शनबद्दल आरामाच्या चर्चेत कोणी बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. ५८ किलोच्या माणसाला कारखान्याची सेटिंग कडक पडते, आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट मनगटात येतो. आम्ही घरातल्या घरात मोजलं. फोर्कच्या चकचकीत नळीला केबल टाय बांधला, नवऱ्याने मागून गाडी तोलून धरली, मी हेल्मेटसकट रायडिंगचे सगळे कपडे घालून बसले आणि मुलीने टेप वाचली. चाक अधांतरी असतानाची लांबी आणि मी बसल्यावरची लांबी यांतला फरक म्हणजे सॅग. नळीत घर्षण असतं म्हणून गाडी एकदा दाबून सोडायची आणि एकदा उचलून सोडायची, दोन्ही आकड्यांची सरासरी घ्यायची. रस्त्यासाठी ३० ते ३५ मिमी ठीक धरतात. पुढच्या सस्पेन्शनचा एकूण प्रवास १२० मिमीच्या आसपास, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या थोडं वर. माझा सॅग फारच कमी निघाला. या शोवा फोर्कचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारा स्क्रू, नेहमीसारखा वर नसून नळीच्या तळाशी असतो, जमिनीवर बसूनच फिरवावा लागतो. तो सैल केला, मागचाही केला, मग रिबाउंडच्या (दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत वर येतं त्याच्या) एकेक क्लिकने गाडी दाबल्यावर एकदाच वर येऊन थांबेल इथे आणली. रस्ता तोच, पण सांध्यासांध्यांवर बसणारे दणके गेले. बक्कळ पैसे खर्चून गाद्या लावण्याआधी टेप आणि दोन स्पॅनर घेऊन बसा. प्रीलोड पूर्ण सैल करूनही सॅग मिळत नसेल तर हलक्या स्प्रिंग घालाव्या लागतात, त्याला दुसरा इलाज नाही. टायरमधली हवाही मॅन्युअलप्रमाणे, गार टायरमध्ये मोजून.

कानातले बोळे मी आरामाच्याच यादीत घालते. मोठ्या रस्त्याच्या वेगाला हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज सहज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेच्या नायोश या संस्थेची शिफारस आहे ८५ डेसिबलला जास्तीत जास्त आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला पंधरा मिनिटं होतात. संध्याकाळी जो थकवा येतो त्यातला मोठा भाग या आवाजाचा असतो, हे बोळे घातल्याशिवाय पटत नाही. फोमचे साधे बोळे बोटांनी बारीक वळायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा आणि बोळा आत घालून फुगेपर्यंत धरायचा. अर्धवट बाहेर लोंबकळणारा बोळा काही कामाचा नाही.

इतकं करूनही दोन गोष्टी सुटलेल्या नाहीत. खोळंबलेल्या गर्दीत वारा नसतो, पंख्याची गरम हवा पिंडऱ्यांवर येते आणि क्लच सतत दाबावा लागतो. तिथे ही गाडी त्रासच देते, लांबच्या प्रवासाला मी पहाटे निघते ते त्यासाठीच. आणि मागची सीट. माझी मुलगी आवडीने बसते, पण मागचे पेग इतके उंच आहेत की तिचे गुडघे अर्ध्या तासात आखडतात. तिथे फोम वाढवून घेतला तर ती आणखी वर, वाऱ्यात जाते आणि ब्रेकला माझ्यावर येऊन आदळते, म्हणजे मी सीटवर मिळवलेलं सगळं जातं. मागच्या सीटला मी हात लावलेला नाही. दोघींना लांब जायचं असलं की आम्ही नवऱ्याची गाडी नेतो.